पिल्लू रात्री का रडते?

भाद्रपद आणि कुत्री यांचा संबंध आपल्याकडे सर्वश्रुत आहे. त्यावरून चारचौघांत विनोदही होतात. त्या विनोदाच्या पुढचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही. कुत्रीचा गर्भकाळ साधारणपणे ६३ दिवसांचा. म्हणजे भाद्रपदात गाभण राहिलेल्या कुत्र्या कार्तिकात व्यातात आणि त्यांची पिल्ले दोन महिन्यांची, दुडूदुडू धावणारी, पाहताक्षणी उचलून घ्यावीत अशी होतात ती पौषात. पौष म्हणजे सोलापुरात संक्रांत, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि वर्षातल्या सर्वांत थंड रात्री. एरवी उन्हासाठी बदनाम असलेल्या या गावात त्या दिवसांत पहाटे पारा १२-१३ अंशांपर्यंतही उतरतो. आणि नेमक्या याच सुमारास गल्लीतले एखादे पिल्लू कुणाच्या तरी घरी येते. धाकटा भाऊ ते शर्टाच्या आत लपवून आणतो, आई आधी नाही म्हणते, मग तीच बशीत दूध ओतते, वडील वर्तमानपत्राआडून पाहतात आणि काही बोलत नाहीत. नाव ठेवण्यावरून भांडणे होतात. रात्री दिवा मालवला जातो आणि पिल्लू रडू लागते.

पहिली रात्र कौतुकात जाते, दुसरी चिडचिडीत. तिसऱ्या रात्री शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडते. चौथ्या दिवशी पिल्लाला पोत्यात घालून मंडईच्या किंवा एखाद्या मटणाच्या दुकानाच्या मागे सोडून येतात. ‘तिथे त्याला खायला मिळेल’ असे आपल्याच मनाचे समाधान करून घेतात. प्रत्यक्षात तिथे त्याची आई नसते, भावंडे नसतात, आणि त्या भागातली मोठी कुत्री परक्या पिल्लाला सहजासहजी जवळ करीत नाहीत. मराठीत ‘कुत्रे हाल खात नाही’ असा वाक्प्रचार आहे. तो ज्याने प्रथम वापरला त्याने असेच एखादे पिल्लू पाहिले असावे. तेव्हा रात्रीचे रडणे ही बाब घरगुती आणि किरकोळ वाटली, तरी पिल्लाच्या बाजूने पाहता तो त्याच्या जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. ज्या घरात पहिला पंधरवडा नीट पार पडतो त्या घरात ते कुत्रे पुढे दहा-बारा वर्षे राहू शकते.

रडणाऱ्या पिल्लाचा विषय साहित्याच्या विद्यार्थ्यांना अगदीच अपरिचित नाही. महाभारताच्या आदिपर्वाच्या आरंभीच एक रडणारे पिल्लू भेटते. जनमेजयाच्या सत्राच्या जागी सरमेचा पुत्र येतो. जनमेजयाचे भाऊ त्याला विनाकारण मारतात आणि तो रडत आईकडे जातो. आई विचारते, का रडतोस, कुणी मारले? मी हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, ते चाटलेही नाही, तरी मला मारले, असे तो सांगतो. सरमा थेट यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते आणि अकल्पित भय येईल असा शाप देते. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दाराशी व्यासांनी हे पिल्लू का बसवले असेल, याची चर्चा संस्कृत विभागातील प्राध्यापकांनी करावी. आपल्यापुरते इतके पुरे, की पिल्लू रडते ते आईला बोलावण्यासाठी, आणि ती आली की थांबते, हे त्या कथाकाराला पक्के ठाऊक होते. आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज सर्वांना माहीत आहेतच. कीर्तनात ही कथा ऐकून माना डोलावणारी मंडळी घरी आल्यावर दारातल्या पिल्लावर पाण्याचा तांब्या रिकामा करतात, ही गोष्ट वेगळी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जन्मतः पिल्लू आंधळे आणि बहिरे असते. डोळे उघडायला साधारण दोन आठवडे लागतात, कान त्यानंतर काही दिवसांनी ऐकू लागतात. पहिल्या दिवसांत त्याला स्वतःच्या अंगातली ऊब टिकवता येत नाही आणि आईने चाटल्याशिवाय लघवीसुद्धा होत नाही. आई उठून गेली की सगळी भावंडे एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करून झोपतात. ज्याला गार वाटते ते ढिगाच्या मध्ये घुसते, ज्याला उकडते ते कडेला सरकते. एखादे पिल्लू घरंगळत दूर गेले तर ते ओरडते आणि आई त्या आवाजाच्या रोखाने येऊन त्याला परत आणते. म्हणजे ‘एकटा पडलो की ओरडायचे’ हा धडा त्याने डोळे उघडण्यापूर्वीच गिरवलेला असतो. जी पिल्ले ओरडली नाहीत ती गारठून मेली. जी ओरडली ती वाचली आणि त्यांचीच पुढे संतती वाढली. आपण ज्याला हट्ट, लाड किंवा ‘नाटक’ म्हणतो ती त्या प्राण्याची जीव वाचवण्याची सर्वांत जुनी युक्ती आहे. दोन महिने ज्याने एकही रात्र अंगाला अंग लावल्याशिवाय काढली नाही, त्याला आपण एकदम मोरीजवळच्या गार फरशीवर एकटे ठेवतो, दार लावतो, वर दिवाही घालवतो आणि त्याने मुकाट झोपावे अशी अपेक्षा धरतो.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत झाला आहे. मेन राज्यातील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पाच जातींच्या कुत्र्यांच्या पिल्लांवर अनेक वर्षे निरीक्षणे केली आणि १९६५ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक जडणघडणीचा असतो, हा त्यांचा निष्कर्ष आजही आधारभूत मानला जातो. या काळात जे प्राणी, जी माणसे, ज्या जागा त्याच्या ओळखीच्या होतात त्या आपल्या. बाकी सर्व परके. एकट्या ठेवलेल्या पिल्लाचे ओरडणे ओळखीच्या जागेत कमी आणि अनोळखी जागेत पुष्कळ अधिक असते, असेही प्रयोगांत दिसून आले. पुढे १९७७ साली स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक साधा प्रश्न विचारला: एकट्या पडलेल्या पिल्लाजवळ काय ठेवले असता त्याचे ओरडणे कमी होते? खाद्याचा उपयोग फारसा झाला नाही. मऊ वस्तूंचा काही प्रमाणात झाला. सर्वांत अधिक उपयोग झाला तो माणसाच्या सोबतीचा. मध्यरात्री पिल्लापुढे बिस्किटे टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्याला भूक लागलेली नसते, सोबत हवी असते. बिस्किटाने फार तर एक गोष्ट साधते: रडले की बिस्किट मिळते, हे त्याला कळते.

सांगोला-माळशिरसकडच्या धनगरांच्या वाड्यावर हा प्रश्न उद्भवत नाही. तिथले पिल्लू मेंढरांच्या कळपाच्या कडेला, थोरल्या कुत्र्यांच्या पोटाशी, नाहीतर घोंगडीच्या टोकावर झोपते. रात्रभर आजूबाजूला श्वासोच्छ्वास चालू असतो. कारवान जातीच्या, म्हणजे मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासल्यामुळे मुधोळ हाउंड म्हणून नावारूपाला आलेल्या आणि २००५ साली टपाल तिकिटावर झळकलेल्या त्या लांबसडक कुत्र्यांची पिल्लेही खेड्यात अशीच माणसाजनावरांच्या गराड्यात वाढतात. दार बंद करून झोपणाऱ्या घरांत मात्र ‘रात्री एकटे झोप’ ही नवीच मागणी आपण पिल्लाकडे करतो. ती करू नये असे नाही, पण ती आपली मागणी आहे आणि ती शिकवावी लागते, इतके मान्य केले की पुढचे काम सोपे होते.

पहिली गोष्ट वयाची. महिन्याचे पिल्लू फार गोजिरवाणे दिसते म्हणून तेव्हाच उचलण्याकडे लोकांचा कल असतो. हे टाळावे. आठ आठवडे तरी ते आईजवळ राहिले पाहिजे. किती जोराने चावले तर भावंड ओरडते, आईने गुरगुरले की कुठे थांबायचे, हे सारे ते या दिवसांत शिकते. तीस-चाळीस दिवसांत आईपासून तोडलेल्या आणि दोन महिने आईजवळ राहिलेल्या कुत्र्यांची इटलीतील संशोधकांनी तुलना केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लवकर तोडलेल्या कुत्र्यांत भित्रेपणा, अतिरेकी भुंकणे, वस्तू फाडणे अशा खोडी अधिक आढळल्या. आई मेलेली असेल किंवा पिल्लू उघड्यावर सापडले असेल तर गोष्ट निराळी. तिथे वयाचा विचार करीत बसायला सवड नसते.

आपल्या गल्ल्यांत आणखी एक सोय असते, जी विकतचे पिल्लू आणणाऱ्यांना नसते. पिल्लाची आई समोरच्या ओट्याखालीच राहते. तेव्हा पिल्लाला एकदम कायमचे घरात न आणता सात-आठ दिवस दुपारी तासभर आणावे, खेळू द्यावे, घरातच एखादी डुलकी काढू द्यावी आणि पुन्हा आईजवळ सोडावे. आठवडाभरात घराचा वास, घरातली माणसे, फरशीचा स्पर्श, कुकरच्या शिट्ट्या त्याच्या ओळखीच्या होतात. मग पहिली रात्र ‘अनोळखी जागी एकटे’ अशी न राहता ओळखीच्या जागेतली होते. अर्धे काम इथेच होते. आणि ज्या दिवशी कायमचे आणायचे त्या दिवशी सकाळी आणावे. संध्याकाळी सातला आणून दहाला अंधारात ठेवणे म्हणजे नव्या सुनेला मांडवातून थेट चुलीपुढे बसवण्यासारखे आहे.

झोपण्याची जागा कुठे करावी, यावर घरोघर मतभेद होतात. माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या रात्री पिल्लाचे खोके माणसाच्या अंथरुणाशेजारीच असावे. अंथरुणात नव्हे, शेजारी. खोके कसलेही चालते. किराणा दुकानातले पुठ्ठ्याचे, आंब्याच्या पेटीचे (खिळे तपासून) किंवा पसरट टोपली. बाजू एवढ्या उंच असाव्यात की पिल्लू बाहेर पडणार नाही, आणि जागा एवढीच असावी की ते आरामात वळून झोपेल. जागा फार ऐसपैस झाली तर ते एका कोपऱ्यात घाण करून दुसऱ्या कोपऱ्यात झोपते. तळाला गोणपाट आणि त्यावर जुनी चादर. सोलापूरकराला जुनी चादर कुठून आणू हा प्रश्न पडू नये. जाड, धुऊन धुऊन मऊ झालेली, मध्ये विरलेली चादर इथे घरटी एक तरी निघते. शक्य असेल तर तिचाच एक तुकडा दोन दिवस आधी आईच्या बसण्याच्या जागी टाकून ठेवावा. त्याला आईचा आणि भावंडांचा वास लागतो, आणि अंधारात पिल्लू डोळ्यांपेक्षा नाकाने अधिक पाहते. थंडीच्या दिवसांत कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी. एकाच बाजूला अशासाठी, की उकडले तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता यावे. बूच घट्ट आहे ना, ते पाहावे. फडक्यात टिकटिकणारे घड्याळ गुंडाळून ठेवा, ते पिल्लाला आईच्या काळजाच्या ठोक्यांसारखे वाटते, असा एक जुना सल्ला आहे. करून पाहायला हरकत नाही. मात्र गजर लावलेला नसावा.

आता दिवा मालवल्यावर ते कुंईकुंई करू लागले की खोक्यात हात सोडावा. बोलू नये, उचलू नये, नुसता हात ठेवावा. बहुतेक पिल्ले हाताला नाक लावून काही वेळात झोपतात. पुन्हा जाग आली, पुन्हा हात. पहिल्या दोन रात्री आपली झोपमोड होणारच, ती धरूनच चालावे. शक्यतो परीक्षा आटोपल्यावर पिल्लू आणावे, हे ओघाने आलेच. तिसऱ्या-चौथ्या रात्री हात न सोडता नुसता हलका आवाज दिला तरी पुरते. मग खोके वीतभर लांब सरकवावे. दोन रात्री शांत गेल्या की आणखी हातभर. असे करीत करीत दोन-तीन आठवड्यांत ते खोलीच्या दारापर्यंत आणि पुढे पडवीच्या किंवा सोप्याच्या ठरलेल्या जागी पोचते. एखाद्या टप्प्यावर पिल्लू पुन्हा रडू लागले तर आपण घाई केली असे समजून एक पाऊल मागे यावे. यात चतुराई कसलीच नाही, चिकाटी मात्र लागते.

रडण्याचेही प्रकार असतात आणि ते कानाला लवकरच ओळखू येतात. झोपेच्या आधीचे बारीक, तुटक कुंईकुंई आपोआप विरते. त्याकडे लक्ष देण्याची गरज नाही. गाढ झोपेतून उठून खोक्यात गोल फिरत, जमीन हुंगत केलेली अस्वस्थ चुळबुळ लघवीची असते. दोन महिन्यांच्या पिल्लाला रात्री फार तर दोन-तीन तास दम धरवतो. वय वाढेल तसा हा वेळ वाढत जातो. म्हणून पहिल्या आठवड्यात आपणच गजर लावून अकरा, दोन आणि पाचच्या सुमारास उठावे, पिल्लाला उचलून ठरलेल्या जागी न्यावे, काम झाले की हळूच ‘शाबास’ म्हणावे आणि परत आणून ठेवावे. दिवा मोठा करू नये, खेळू नये. रात्री बाहेर जाणे म्हणजे गंमत, असे त्याला एकदा वाटले की ते दर तासाला गंमत मागते. पहाटेचा दोनाचा गजर कुणाच्या वाट्याला, हे घरात आधी ठरवून घ्यावे. भावाने आणलेल्या पिल्लासाठी बहुतेक घरांत बहीण उठते, असे माझे निरीक्षण आहे.

तिसरा प्रकार मोठ्याने, सलग, किंचाळल्यासारखे ओरडण्याचा. याबाबत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, रडू द्या, दोन रात्रींत आपोआप गप्प होईल. दुसरा पक्ष पिल्लाला थेट पांघरुणात घेतो. पहिल्या पक्षाच्या म्हणण्यात तथ्यांश आहे. पिल्लू कधी ना कधी गप्प होतेच. पण दमून गप्प होणे आणि निर्धास्त होऊन झोपणे यांत फरक आहे. ज्या जागेत ते दमेपर्यंत ओरडले ती जागा त्याच्या दृष्टीने भीतीची होते आणि पुढे मोठेपणी घरातील माणसे बाहेर गेली की दार ओरबाडणे, भुंकत सुटणे या रूपाने ती भीती डोके वर काढू शकते. शिवाय हा उपाय कोणी पुरता पाळीत नाही. तासभर रडू देतात आणि मग शेजाऱ्यांच्या भीतीने उठून उचलून घेतात. यातून पिल्लू काय शिकते? तासभर ओरडले म्हणजे माणूस येतो. त्यापेक्षा पहिल्या मिनिटालाच हात ठेवलेला बरा. दुसऱ्या पक्षाबद्दल इतकेच म्हणता येईल, की पांघरुणात घेतलेले पिल्लू पुढे पंधरा-वीस किलोचे होते. तेव्हाही ते पांघरुणात चालणार असेल तर खुशाल घ्यावे. मारणे हा उपायच नव्हे. घाबरून ओरडणाऱ्याला रट्टा दिल्याने भीती कमी झाल्याचे उदाहरण माणसांतही सापडत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला रात्री दाराबाहेर साखळीने बांधणे हे त्याहून वाईट. थंडी असतेच, आणि परकी मोठी कुत्री आल्यास त्याला पळताही येत नाही.

रात्रीचा धडा खरे तर दिवसा शिकवायचा असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दिवसभर पिल्लू या मांडीवरून त्या मांडीवर फिरते आणि रात्री एकदम एकटे पडते. एवढी उडी त्याला झेपत नाही. त्यासाठी दुपारी खेळून, खाऊन, लघवी करून ते पेंगुळले की खोक्यात ठेवावे आणि आपण दाराआड जावे. आधी अर्धे मिनिट, मग दोन, मग पाच. ते रडायच्या आत परत यावे आणि आल्यावर कौतुकाचा समारंभ करू नये. जाताना ‘येते हं बाळा’ आणि आल्यावर ‘आलं माझं सोनं’ असा गाजावाजा केला की जाणे-येणे ही मोठी घटना आहे असे त्याला वाटू लागते. माणूस जातो आणि परत येतो, त्यात विशेष काही नाही, हे त्याला पटले की रात्रीचा अर्धा भार हलका होतो.

खाण्याविषयी थोडेसे. शेवटचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी द्यावे. दूध-भाकरी ही आपल्याकडची ठरलेली शिधासामग्री. पण कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक स्निग्धांश आणि प्रथिने असतात, तर दुग्धशर्करा कमी असते. त्यामुळे भांडेभर गाईचे दूध पाजलेल्या पिल्लाला हगवण लागते आणि मग रात्रभर जे रडणे चालते त्याचा एकटेपणाशी संबंध नसतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी कितीही सकस असली तरी वाढत्या पिल्लाला तेवढ्यावर भागत नाही. उकडलेले अंडे, हाडे काढलेले शिजवलेले मांस किंवा पिल्लांसाठीचे तयार खाद्य हवे. शिजवलेली हाडे, कांदा, चॉकलेट, द्राक्षे देऊ नयेत. सोलापूरच्या द्राक्षांचा कितीही अभिमान असला तरी कुत्र्याच्या मूत्रपिंडांना ती घातक ठरू शकतात.

चाळीत राहणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे: पिल्लू आणण्याच्या आदल्या दिवशीच शेजाऱ्यांना सांगून ठेवावे. ‘काकू, आठ दिवस जरा सांभाळून घ्या’ एवढे शब्द पुरतात. न सांगता ऐकू आलेले रडणे आणि सांगून ऐकू आलेले रडणे यांचा आवाज सारखाच असला तरी त्रास सारखा नसतो. शेजारची मुले दुपारी पिल्लाशी खेळून गेली तर त्यांची आई रात्री भिंतीवर थाप मारीत नाही, हाही अनुभव आहे. पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारी जन्मलेल्या पिल्लांना आवाजाचे वावडे नसते. त्यांना रात्री जाणवते ती शांतता. आणखी एक गंमत म्हणजे आपल्या गावात एकाच पिल्लाला एक काकू ‘कुक्कपिल्ला’ म्हणून तेलुगूत बोलावतात, दुसऱ्या ‘नायीमरी’ म्हणून कन्नडमध्ये, आणि घरात त्याचे नाव मोत्या असते. पिल्लू तिन्ही हाकांना शेपूट हलवते. झोपवताना मात्र एकच शब्द सर्वांनी वापरावा, मग तो कोणत्याही भाषेतला असो.

गड्ड्याच्या यात्रेतील शोभेच्या दारूकामाच्या रात्री पिल्लाला एकटे सोडूच नये. तेव्हा ते नेमके दोन-अडीच महिन्यांचे, म्हणजे भीती मनात कायमची घर करू शकेल अशा वयाचे असते. खिडक्या लावून, रेडिओ चालू ठेवून, कुणीतरी शेजारी बसावे. घरातल्या एकाची जत्रा त्या रात्री बुडते. चैत्रा-वैशाखात आणलेल्या पिल्लाचे गणित उलटे असते. पारा ४२-४३ अंशांवर गेलेला असताना त्याला चादर आणि बाटली नको, गार फरशी, ओले करून पिळलेले गोणपाट आणि पाण्याचे भांडे हवे.

रडण्याबरोबर पिल्लू मलूल पडले असेल, खात नसेल, उलट्या किंवा रक्ताची हगवण होत असेल, तर या लेखातले काहीही करीत न बसता त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांनी न टोचलेली पिल्ले दोन-तीन दिवसांतही दगावतात. या रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, काही आठवड्यांच्या अंतराने अनेक मात्रांत द्यायची असते; जंतांचे औषध त्याहून आधी सुरू होते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात. तोवर, आणि नंतरही, पिल्लाचा दात लागून रक्त आले तर ‘लहानच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नये. रेबीज पिल्लांनाही होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर माणसाला वाचवण्याचा खात्रीचा उपाय आजही नाही. जखम ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना, मिरचीपूड यांतले काहीही लावू नये. १८८५ साली पाश्चरने जोसेफ मायस्टर या मुलाला लस टोचून वाचवले, त्याला आता शतकाहून अधिक काळ लोटला. तरी आपल्याकडे मिरचीपुडीचा डबा पहिल्यांदा उघडतो.

ज्या घरातली सगळी माणसे सकाळी नऊला बाहेर पडून संध्याकाळी सहाला परततात त्यांनी पिल्लू आणूच नये, असे मला वाटते. रात्रीचे शिकवता येते, पण दोन महिन्यांच्या जिवाला रोज नऊ तास कोंडणे शिकवून जमणारे नाही. अशांनी गल्लीतच आईसकट पिल्लांना खाऊ घालावे आणि त्यांचे लसीकरण व नसबंदी होईल हे पाहावे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची आणि त्यांच्या नसबंदीची रीतसर तरतूद आहे.

राहता राहिली पिल्लाची आई. पिल्लू नेल्यावर पहिले काही दिवस ती रात्री दाराशी येते, उंबरा हुंगते, आत पिल्लू रडले की बाहेर तीही कण्हते. लोक दगड मारून तिला हाकलतात आणि आतले रडणे आणखी वाढते. त्याऐवजी संध्याकाळी तिला अंगणात येऊ द्यावे, पिल्लाला हुंगू-चाटू द्यावे, अर्धी भाकरी घालावी. मात्र ती पिल्लांच्या बाबतीत चावरी असेल तर लहान मुलांना दूर ठेवावे. पिल्ले दोन महिन्यांची होईतो तिचे दूध आटत आलेले असते आणि ती स्वतःच त्यांना अंगाला लागू देत नाही. काही दिवसांनी ती एखादी रात्र चुकवते, मग दोन, आणि मग फक्त भाकरीच्या वेळी येते.